खाडीकाठचे तीळ-पाणी

आठवणे सर्वांनाच येते. आठवलेले धरून ठेवणे, धरणारा हात ठेचला जात असतानाही ते न सोडणे, याला धारणा म्हणतात आणि ती विरळा असते. शास्त्रकारांनी धारणेला बुद्धीचा गुण म्हटले आहे. काशीराम पेडणेकरांकडे पाहिले की वाटे, हा हाडांचा गुण असावा.

काशीराम मूळचे वेंगुर्ल्याकडचे. गिरण्यांचा संप फसल्यावर ते चारकोपला बादल्यांच्या कारखान्यात लागले. लग्न केले नाही. पुरुषाने पुरुषावर प्रेम करावे, याला आपल्या उपनगरांत शिवीखेरीज शब्द नव्हता, आणि शिवीपाठोपाठ हात उठे. अंधेरीच्या एका बागेत भेटणाऱ्या अशा माणसांपैकी कुणाचे डोके सोड्याच्या बाटलीने फुटले, कुणाला सख्ख्या काकांनी खांबाला बांधून पट्ट्याने सोलले. त्यातच तो गेला. घरची माणसे अशांचे फोटो जाळीत, नाव टाकीत. कागदावर काही लिहावे, तर तोच कागद धमकावणाऱ्यांच्या हाती पडे. म्हणून काशीरामांनी सारे मुखोद्गत केले.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी ते खाडीकाठी पंचा उजव्या खांद्यावर घेऊन उभे राहत. प्रत्येक मृतासाठी तीळ-पाण्याची एक ओंजळ. तिच्याबरोबर त्याचे नाव, त्याचे ठिकाण, त्याचा जीव कुणावर होता, आणि तो कसा गेला. खोटे बोलले तर पाणी पोहोचत नाही, एवढा एकच त्यांचा नियम. मागे बागेतली साताठ मंडळी असत. त्यांचे वडील हयात; अशांनी तीळ-पाणी सोडू नये असा रिवाज. ती नुसती ऐकत.

शेवटची ओंजळ अंबादासची. अंबादास, मुलुंडचा; जीव काशीरामवर; थोरल्या भावाने, राजारामने, डोक्यात पहार घातली आणि खाणीत ढकलला. काशीरामांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. चौकीवर सांगायला गेले, तर बेदम मार खाऊन परतले. पाय घसरून मृत्यू, असे ठरले होते.

शहाऐंशी साली हे राजारामच्या कानी गेले. त्या अमावास्येला तो तीन माणसे घेऊन खाडीवर उतरला. आवाज मात्र खाली होता.

"दरवर्षी भटजी बोलावून पान वाढतो मी त्याचं. कावळा शिवत नाही. आई उपाशी बसते. तू फक्त पाय घसरला म्हण ना. परत इकडे फिरकणार नाही मी."

काशीराम ओंजळीकडे पाहत म्हणाले, "तो घसराक नाय रे. तुका म्हायत आसा."

तिघांनी त्यांचे हात मागे ओढले. राजारामने काठावरचा धोंडा उचलला. प्रत्येक घावाआधी तो पाय घसरला म्हणायला सांगे, आणि तोंड होते तोवर काशीराम ढकललास म्हणत राहिले. दात चिखलात पडले. खालच्या जबड्याचे हाड गालाबाहेर आले. मंडळी पळाली होती. पार्ल्याचा सीताराम तेवढा तिवरांत दडून ऐकत होता.

जबडा वाकडा जुळला, शब्द गेले. त्यांच्याबरोबर सगळी मेलेली माणसेही गेली, असे मंडळींनी धरले.

पुढच्या वर्षीच्या सर्वपित्रीला काशीराम तीळ घेऊन निघाले. सीतारामने पाहिले आणि मंडळींना गोळा करून तो मागोमाग गेला. बांधावर राजाराम लोखंडी गज घेऊन उभा होता. काशीरामांनी ओंजळ भरली. गळा हलला, घरघर झाली, शब्द नाही. शब्दावाचून पाणी सोडायचे नाही, म्हणून ते बोटे आवळून उभे राहिले. पाणी तरी झिरपतच होते.

तेव्हा सीताराम त्यांच्या खांद्याशी गेला आणि त्याने पहिले नाव घेतले. इतकी वर्षे नुसते ऐकत आलेल्यांना सारे पाठ होते. तो अडला की दुसरा पुढचे सांगे. हात काशीरामांचे, वाचा मंडळींची. असे करीत शेवटची ओंजळ आली.

"सीताराम," राजाराम बांधावरून म्हणाला, "तुझ्या बापाचं घर बघितलंय मी."

सीतारामने काशीरामांकडे पाहिले. काशीरामांनी मान वळवली नाही. ओंजळ तशीच धरून होते.

"अंबादास, मुलुंडचा," सीताराम म्हणाला. "जीव काशीरामवर. राजारामनं पहार घातली आणि खाणीत ढकलला."

ओंजळ सुटली. राजाराम खाली धावला, गज सीतारामच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. मागच्यांनी तेच शब्द पुन्हा म्हटले. गज आणखी कुणाच्या पाठीवर, कुणाच्या गुडघ्यावर पडत राहिला. शब्द थांबले नाहीत, या वेळी कुणी पळालेही नाही. अखेर राजारामचाच हात थकला.

अठ्ठ्याऐंशीत काशीराम गेले. त्या जबड्याने धड जेवता येत नसे; झिजत गेले. पुढे सीतारामचे वडील वारले, आणि आता पाणी तोच सोडतो, वाकड्या मनगटाने. अंबादासच्या खुनाची नोंद कुठेच नाही. खाडीकाठी तो दरवर्षी सांगितला जातो. त्यानंतर एक ओंजळ काशीरामांची असते.