मागापाशी

माझे आबा, म्हणजे आजोबा गोपाळराव, मोहाडीत हातमागावर लुगडी विणायचे. आमची धाकटी आत्या विहिरीत पडून बुडाली, तेव्हा आजीने मारलेल्या हाका त्यांना मागाच्या खटखटीत ऐकू गेल्या नाहीत. तेव्हापासून माग सुरू झाला, की आजी कान दाबून थरथरायची. कामचोर म्हणत आबा तिला मागाशेजारीच कांड्यांवर सूत भरायला बसवत. आम्हीही हसायचो. शेवटपर्यंत ती तशीच थरथरत राहिली.

परवा मी नर्सिंगच्या अभ्यासातला मानसिक आघातावरचा माहितीपट घरी लावला. त्यातली बाई कुकरच्या शिट्टीला तशीच थरथरत होती. तिच्या नवऱ्याने घरात कुकर लावणंच सोडलं होतं.

“बंद कर, रेणू,” आबा म्हणाले.

“काहून, आबा?”

“त्यानं कुकर सोडला. मी तं तुह्या आजीले रोज हाक मारून मागापाशी बसवत होतो.”