गोंदणातला ठिपका

"बसून काय होतंय, सिस्टर?" असं म्हणत ती उपकेंद्राच्या दारात उभी राहायची. एक पाय आत, एक बाहेर, आणि डाव्या हाताची दोन बोटं गळ्याशी पदर धरून. मी खुर्ची पुढे केली की ती खुर्चीवर आपली पिशवी ठेवायची आणि उभ्याउभ्याच बोलायची. आठ वर्षांत त्या खुर्चीत ती बसलेली मी एकदाच पाहिली.

मी सिन्नरची. सूर्यमाळच्या बाजूला नर्स म्हणून आले ती नाकावर राग घेऊनच आले. ती आमची आशा सेविका. पाड्यापाड्यांवर फिरून गरोदर बायका, तापलेली पोरं, लस चुकवणारे असे सगळे गोळा करून माझ्यापुढे आणून उभे करायचं तिचं काम. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातात एक काम असतं आणि डोळे पुढच्या कामावर. माझी एक नोंद लिहून होईपर्यंत तिचं "चला मंग, चला मंग" सुरू व्हायचं. मी खेकसायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. माझं खेकसणं संपेपर्यंत ती पायरी उतरून गेलेली असायची.

एकदा शाळेत बायकांच्या छातीच्या तपासणीचं शिबिर आलं, तेही नेमकं मे महिन्यात. मे महिन्यात आमच्याकडे बाई घरी सापडत नाही, विहिरीवर सापडते. पाणी झिरपेल तसं वाटीवाटीने भरायचं आणि नंबर सोडला की दिवस गेला. मी म्हटलं, कोणी येणार नाही, आपण आपले माश्या मारत बसू. ती सकाळीच विहिरीवर गेली, सगळ्यांच्या हंड्यांची रांग लावली आणि राखणीला एक म्हातारी बसवली. "नंबर कुठं जात नाय, माझी जबान हाय," म्हणत पाच-पाच बायका शाळेत धाडायला लागली. लाजणाऱ्यांना सांगायची, "लाज हंड्यात ठेवा, परत जाताना न्या." हसत हसत बायका आल्या. एवढी गर्दी डॉक्टरांनाही अपेक्षित नव्हती.

सगळं आवरत आलं तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली.

"माझंबी नाव घाला ना, सिस्टर."

"वय?"

"अठ्ठावीस."

"यादी तिशीच्या वरच्यांची आहे गं. दोन वर्षांनी ये."

तिने पदर सारखा केला. दोन बोटं गळ्याशी. मग "बरं" म्हणाली आणि हंड्यांची रांग मोडायला निघून गेली. एरवी एका इंजेक्शनसाठी माझ्याशी अर्धा तास भांडणारी ही बाई त्या दिवशी भांडली नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी रजिस्टर बंद करून चहा मागवला.

पुढे दीडेक वर्षाने एका सकाळी ती आली, पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसली. मी पेन खाली ठेवला.

"गाठ हाय," ती म्हणाली. पाड्यावरच्या बायकांना छाती कशी चाचपायची ते दाखवताना तिच्याच हाताला लागली होती.

त्याच दिवशी तिला जव्हारला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी विचारलं, "लहानपणी काही मोठा आजार?"

"नाय," ती ताडकन म्हणाली.

तपासताना पदर बाजूला करावाच लागला. गळ्याच्या खळीत चार पाकळ्यांचं गोंदलेलं फूल होतं, आणि छातीच्या मधोमध तसंच दुसरं. डॉक्टरीणबाई वाकून बघत राहिल्या. "फुलं गोंदणारीची. पण मधले हे निळे ठिपके कोणी टोचले? हे वेगळे आहेत."

ती माझ्याकडे बघायला लागली. "सिस्टर, तुमी बाहेर जाता काय?" मी उठले. "नको. ऱ्हावा," ती म्हणाली आणि तिने सांगायला सुरुवात केली.

"नऊ वर्षांची व्हते. मानंला गाठी आल्या. बापानं मुंबईला नेलं. कॅन्सर म्हनले. छातीला लाईट दिली, म्हयनाभर. लाईट तिथंच पडावी म्हनून ठिपके त्यांनीच टोचले."

बरी होऊन परत आली तेव्हा बापाने तिला गावात सरळ नेलंच नाही. शिवेवरच्या ओहोळात आंघोळ घातली, नवा झगा घातला. आजारातले कपडे, ताट, औषधं आणि दवाखान्याची फाईल, सगळं शिवेपलीकडे एका ऐनाच्या झाडाखाली ठेवलं. मागे वळून बघायचं नाही. आजार गावात आणायचा नाही आणि त्याचं नावही पुन्हा काढायचं नाही. अंगावरचे ठिपके तेवढे शिवेबाहेर ठेवता येईनात, म्हणून आईने गोंदणारीला बोलावून त्यांची फुलं करून घेतली. पुढे लग्न झालं. नवऱ्यालाही ती फुलंच माहीत.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. लहान वयात छातीला असे किरण मिळालेल्या मुलींना स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा फार लवकर होऊ शकतो. प्रत्येकीला होतोच असं नाही. पण त्यांच्यावर विशीपासूनच लक्ष ठेवावं लागतं, तिशीची वाट बघायची नसते. जुने कागद असते तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

मला कोणावर तरी ओरडायचं होतं. बापावर ओरडावं, तर त्याच माणसाने पोरीला पाठुंगळी घेऊन मुंबई गाठली होती आणि जगवून आणली होती. मग उरले मी आणि माझी यादी. परतीच्या एसटीत मी विचारलं, "तेव्हा नाव घाला म्हणालीस, ते याच भीतीने?"

"बायांना सांगून सांगून माझ्याबी मनात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी वय इचारलं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दुसरं कायबी इचारलं नाय."

गाठ कॅन्सरचीच निघाली आणि मुंबईत उपचार सुरू झाले. मधल्या दिवसांत ती पाड्यावर यायची. केस गेलेले, डोक्यावरून पदर, आणि पाय ठरत नाहीत ते नाहीतच. "अगं, घरी बस," मी म्हणायचे. "बसून काय होतंय?" हे ठरलेलं. पण आता त्याला एक नवी भुणभुण जोडली गेली होती. लहानपणी दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर जामसरची एक पोरगी होती. नाव आठवत नव्हतं. "तिच्यापाशी एका डोळ्याची बाहुली व्हती. तिलाबी छातीलाच लाईट. तिला कोनी सांगलं असंल काय, सिस्टर? तुमी जा ना."

मी जाते म्हणाले. जामसर माझ्या हद्दीत नाही, जव्हार तालुक्यात आहे. मग लसीकरण आलं, पाऊस आला, अहवाल आले. ती एकदा स्वतःच जीपने निघाली आणि जव्हारपर्यंत जाऊन उलट्या करत परत आली. शेवटी शेवटी मुंबईहून नवऱ्याच्या फोनवरून एवढंच विचारायची, "गेलता काय?" मी म्हणायचे, "या आठवड्यात नक्की."

दिवाळीनंतर ती गेली. चार वर्षांची मुलगी आजीकडे राहिली. मी खूप रडले, आणि रडण्यापेक्षा जास्त स्वतःवर चिडले. उपकेंद्रातली ती खुर्ची रिकामी दिसली की मला तिथे थांबवेना. मी रजा टाकली आणि जामसरला गेले.

दोनदा हात हलवत परत आले. लहानपणी कॅन्सर झालेली मुलगी कोण, असं विचारलं की लोक गप्प व्हायचे. त्यांनीही तो शिवेबाहेरच ठेवला असणार. तिसऱ्या खेपेला मी आजाराचं नाव काढलं नाही. एका डोळ्याची बाहुली कोणाकडे होती, एवढंच विचारलं. शेताच्या बांधावरची एक म्हातारी खुदकन हसली. "ती व्हय? आजून तिच्या घरात हाय," म्हणाली आणि तिने घर दाखवलं.

ओट्यावर एक बाई सुपात नागली पाखडत होती. तिशीच्या आतली, धट्टीकट्टी. तिने पदर गळ्याशी धरलेला नव्हता. गळ्याच्या खळीत एक निळा ठिपका तसाच उघडा होता. तिच्या आईने त्याचं फूल केलं नव्हतं.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दवाखाना, शेजारची खाट, ती, तिची गाठ, आणि आता हिनेही तपासून घ्यायला हवं ते. बाहुलीचं ऐकून बाईचे डोळे भरले. मग तिने मान हलवली.

"पन मना कायबी झालं नाय, सिस्टर."

"झालं नाही म्हणूनच आले."

"बघू, नागली झाली की जाऊ. तुमी बसा तरी. चहा ठेवते."

तिने माझ्यासाठी घोंगडी अंथरली. माझा एक पाय ओट्यावर होता, एक खाली.

"बसून काय होतंय?" मी म्हणाले. "चल, निघ."

तिने सुपातली नागली टोपलीत ओतली. मग तिने सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि हात धुवायला आत गेली.