चौदा पुरचुंड्या

कुरकुंभच्या कारखान्यात फिटर असलेले वरवंडचे भिमाजी टुले दर दिवाळीनंतर रजा टाकून सायकलवर लांब जायचे. हंपी, गोकर्ण, एकदा थेट रामेश्वर. लोक विचारायचे, "आप्पा, रोजचं खाणं परवडतं कसं?"

"हाटेलात शिरायचंच न्हाई," ते सांगायचे. "त्या तेलानं दुसऱ्या दिवशी चढ निघत न्हाई."

पहिले तीन दिवस दशम्या. दुधात मळलेल्या, म्हणून टिकायच्या. पुढं बायकोनं, साधनाबाईंनी, बांधून दिलेल्या पुरचुंड्या, दिवसाला एक. जुन्या धोतराच्या फडक्यात हुलग्याचं भाजलेलं पीठ, त्यातच मीठ, तिखट, लसूण. तीन दगड मांडून पाणी उकळायचं, पीठ सोडून हलवायचं, की माडगं तयार. ढाब्यावरून नुसत्या दोन भाकऱ्या घ्यायच्या. उठत्या बाजारात मेथीची जुडी मातीमोल मिळायची आणि मळ्यात कांदा मागितला तर कुणी नाही म्हणायचं नाही. परतल्यावर रिकामी फडकी ते मोरीत टाकायचे. साधनाबाई ती धुऊन पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या.

गेल्या हिवाळ्यात साधनाबाईंच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. उन्हाळ्यात पाणीही उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. सून अनिता दिवसातून सहा वेळा नळीतून पेज सोडायची. स्वयंपाकघरात फोडणी बसली की साधनाबाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. ते पाहिल्यापासून भिमाजींना ताटावर बसवेना. "भूक न्हाई," म्हणायचे आणि चहात बिस्किट बुडवायचे. पँट कमरेवर राहीना.

दिवाळी झाली तशी साधनाबाईंनी विषय काढला. "औंदा गोकर्णाला जावा."

"तुला अशी टाकून?"

"मी कुठं पळून चाललेय? हितं तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत उपाशी ऱ्हाताय. सायकलवर खाल्ल्याबिगर पाय हलत न्हाईत. तिथं तरी खाल."

हुलगे अनितानं भाजले, पण गाठी साधनाबाईंनी स्वतः मारल्या. चौदा पुरचुंड्यांना दोन दिवस लागले.

भिमाजी निघाले. रोज संध्याकाळी साधनाबाईंचा फोन जायचा. "काय केलंय?"

"माडगं. आन् कांद्याची पात मिळाली."

"गरम हाय? जरा भुरका मारा, ऐकू द्या."

भिमाजी फोनजवळ भांडं धरून भुरका मारायचे. भांड्यात नुसतं पाणी असायचं. साधनाबाई ऐकत राहायच्या, मग म्हणायच्या, "हावरटावानी खाऊ नका, तिखट नाकात जाईल."

गोकर्ण त्यांनी गाठलंच नाही. अकराव्या दिवशी हुबळीच्या अलीकडे चक्कर येऊन पडले. कुणीतरी सलाइन लावून त्यांना सोलापूरच्या गाडीत बसवलं, सायकल टपावर टाकली. घरात आले तेव्हा साधनाबाईंनी हाडं वर आलेला तो चेहरा पाहिला. सायकलची पिशवी जवळ ओढली. उचलून पाहिली. उचलेना.

"अनिता, सोड बरं ही."

चौदाच्या चौदा निघाल्या. एकाही गाठीला हात लागलेला नव्हता.

"खाल्ल्या न्हाईत तर न्हाईत, वाटेत फेकायच्या तरी," त्या म्हणाल्या. "मला कळलं तरी नसतं."

"अन्न कसं फेकू? तुझ्या हातचं."

"मंग पाणी पिऊन भुरके मारले व्हय मला?"

साधनाबाई सुनेकडे वळल्या.

"अनिता, पाणी ठेव. यांचं ताट हितं माझ्यासमोर घे."

माडगं आलं. पहिला घोट भिमाजींनी तोंडातच धरून ठेवला.

"गिळा," साधनाबाई म्हणाल्या. त्यांची नजर नवऱ्याच्या गळ्यावर होती. घाटी खाली गेली, वर आली. त्यांचाही गळा हलला. मग त्यांनी फडकं उचललं आणि उतरत नसलेली लाळ त्यात टिपली. "आता दुसरा. पान आख्खं रिकामं झाल्याबिगर उठायचं न्हाई."

उरलेल्या तेरा पुरचुंड्या त्यांनी उशाखाली ठेवून घेतल्या. रोज एक काढून द्यायच्या आणि समोर बसवून खायला लावायच्या.

दहावी पुरचुंडी उशाखालून अनितानं काढली. त्या दिवशी घरची चूल पेटवायची नव्हती, म्हणून ती शेजारी सोजरबाईंकडे घेऊन गेली. माडगं आलं तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती. भिमाजींनी सगळ्यांसमोर भांडं ओढून घेतलं आणि ते रिकामं होईपर्यंत मान वर केली नाही.