सोनीचा बाप

वामनराव तलाठी चहा अर्धवट टाकून उठले, की देऊळघाटातला माणूस समजून जायचा: आपण घोड्याच्या बापाबद्दल खोटं बोललो आणि यांनी ते ओळखलं. कप अलगद खाली ठेवायचे, चपला पायांत सरकवायचे आणि चालायला लागायचे. एका लग्नात वरातीच्या घोड्याची तारीफ चालली होती. घोडेवाला म्हणाला, हा बादलचा नातू. झालं, वामनराव भरल्या पानावरून उठले. मानपानात काहीतरी चुकलं असं समजून नवरीचा बाप मांडवभर त्यांच्यामागे हात जोडत फिरला.

बादल हा आमच्या भागात एके काळी गाजलेला घोडा. जिल्ह्यात विकायला येणारं प्रत्येक शिंगरू आजही त्याचंच असतं. "मरून इतके वर्सं झाले, तरी बाप होऊनच राह्यला बे तो," असं वामनराव म्हणायचे. म्हणताना हसायचे नाहीत. तोंडात कडू बी फुटल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा.

सगळी नोकरी सातबारे देण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर इतर लोक देवधर्माला लागतात, यांनी सोनी नावाची घोडी घेतली. विकणाऱ्याने अर्थातच बादलचं नाव सांगितलं. वामनरावांनी घोडी घेतली, चहा घेतला नाही. मला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. मी शेजारी, वांगी-टमाटे पिकवणारा. पण माझ्याकडे पिकअप आहे, त्यामुळे सोनीला कुठे न्यायचं म्हटलं की मला हाक यायची.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "कोन्या वावराचा मालक कोन, हे रस्त्यावरचा मानूसबी पाहू शकते. मंग घोड्याचे मायबाप कोन, हे काऊन लपोता?" वंशावळ उघडी नसली, की पैदास करणारा आंधळेपणाने घोडी फळवतो. रक्तातल्या रक्तात जोड लागतो आणि शिंगरू अधू निपजतं. आमच्याकडे मुलीला स्थळ आलं तर मामाच्या मामापर्यंत चौकशी होते. घोडीच्या बाबतीत मात्र सगळ्यांची दातखीळ बसते, कारण खरा बाप सांगितला तर बादलचा भाव कसा मिळणार?

सोनी फळवायची वेळ आली तेव्हा तिचा खरा बाप शोधायला आम्ही घोडेवाल्यांच्या एका संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "नोंद आहे काका, पण दाखवता येत नाही. घोडी ज्याच्या तबेल्यात जन्मली त्याची परवानगी लागते."

"तो कोन?"

"ते सांगता येत नाही."

वामनराव टेबलावर वाकले. "मले सांग, बापाचं नाव म्हंजे का मालकाची इस्टेट हाये?" कारकून म्हणाला, नियम आहे.

मग मलकापूरकडच्या एका बागायतदाराचा राजा नावाचा घोडा पाहिला. घोडा खरोखर देखणा होता. मालकाला सगळे भाऊसाहेब म्हणत. वामनरावांनी समोरासमोर विचारलं, "हे तुमच्या राजाच्या रक्ताची तं नाई?" भाऊसाहेबांनी सोनीची आयाळ वर केली, खालचा डाग पाहिला, आयाळ परत नीट बसवली आणि म्हणाले, "छे हो तलाठीसाहेब, कुठून येणार?"

त्या शब्दावर सोनी राजाला लावली. शिंगरू जन्मलं ते पुढचे दोन्ही पाय आत वळलेलं. त्याला उभंच राहता येईना. जगलं तेवढे दिवस वामनरावांनी त्याला मांडीवर उचलून आईचं दूध पाजलं. शिंगरू मेल्यावर आम्ही मलकापूरकडे गेलो. डाग पाहून तुम्ही काय ओळखलं होतं, असं वामनरावांनी विचारलं. भाऊसाहेबांनी लपवलंसुद्धा नाही. सोनी त्यांच्याच तबेल्यात जन्मलेली, राजाचीच पोरगी. "कधीकधी चांगलंबी निपजते ना," ते म्हणाले. "पुढच्या साली घोडा फुकट लावून देतो, जाऊ द्या." मला त्या माणसाची किळस आली. त्याच्या स्वच्छ पांढऱ्या शर्टाचीसुद्धा आली.

घोड्यांच्या बाजारात वामनराव सोनीला घेऊन मधोमध उभे राहिले. विकायला नव्हे. "हे राजाची पोरगी. राजालेच लावली. शिंगरू अधू होऊन मेलं. ज्याच्याजौळ राजाचं रक्त असंन, त्यानं जपून राहा." दिवसभर हेच. लोकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तलाठ्याने भाव पाडले, एवढीच ओरड झाली. एक जण मात्र अगदी जवळ येऊन कानाशी कुजबुजला, "माही घोडीबी राजाचीच का हो?" वामनराव म्हणाले, "हे मोठ्यानं इचार. सगळ्याईले आयकू दे." तो गर्दीत दिसेनासा झाला. तलाठ्याला शिव्या देणाऱ्यांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

गेल्या हिवाळ्यात वामनराव गेले. तेरवीला भाऊसाहेब हजर. उभे राहून बोलले की असा स्वच्छ माणूस पुन्हा होणे नाही. मी पानावरून उठलो. जाताना त्यांनी वामनरावांच्या मुलाला बाजूला घेतलं. मुलगा पुण्यात नोकरीला, तो घोडी कुठे बांधणार? सोनी भाऊसाहेबांच्या पिकअपमध्ये चढली. पिकअप माझी नव्हती, तेवढं तरी बरं झालं.

परवा घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो आला. आयाळ विंचरलेली, गळ्यात गोंडे. खाली लिहिलेलं: काठेवाडच्या नामांकित घोड्याची कन्या, विकणे आहे. त्याखाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग. मी लिहिलं, "हिचा बाप राजा." दोन मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं.

म्हणून इथे लिहितो. सोनी, अंगाने लाल, कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय पांढरा. बाप राजा. एकदा बापालाच लावली, शिंगरू वाचलं नाही. घोडी गुणी आहे, घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. फक्त राजाच्या रक्ताला पुन्हा लावू नका.