नायकाची अडचण

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास आला की अर्धी राहिलेली कादंबरी आठवते. चाकणच्या कंपनीत लाइनवर असताना लिहायला घेतली होती. भविष्यातल्या भयानक जगात 'तो' लघवीला जायलाही लाल दिवा लावतो आणि बदली माणसाची वाट बघत उभा राहतो. शेजारच्या मशीनवरच्या, निघोजे गावच्या दोस्ताला जेवणाच्या सुट्टीत पहिलं पान वाचून दाखवलं, तर तो पोट धरून हसला. "राव, ही तर आपलीच लाइन हाय!" मी चिडलो. सगळीकडचा 'तो' काढून 'मी' घातला आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचलं. त्याचा घास हातातच राहिला. "भावा, एवढा त्रास हाय तुला? कधी बोलला न्हाईस!" आणि तो तडक सुपरवायझरकडे गेला. तेव्हापासून मी नुसती चुळबुळ केली तरी बदली माणूस धावत यायचा. नायकाला अडचणच उरली नाही, मग कादंबरी कशाच्या जोरावर पुढं सरकणार?