सारंगमामू आणि पितळी बटण

सारंगमामूंनी कधी कुणाच्या हातात सुरी दिली नाही. मागितली तर कठड्यावर, टेबलावर, नाहीतर सरळ डेकवर ठेवायचे आणि म्हणायचे, "उचल." हातातून हातात सुरी दिली की दोघांत भांडण लागतं, अशी त्यांच्या रत्नागिरीकडच्या गावातली समजूत. आखातातल्या फुजैरा बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या आमच्या बार्जवर ते सारंग, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. कॅप्टनलाही सुरी वाकून उचलावी लागे, आणि तोही ती निमूट उचलत असे.

मी तिथे नवा ज्युनियर ऑफिसर. अल कुसैसच्या शहरी वस्तीत, फ्लॅटमध्ये वाढलेला. गाठ म्हणजे बुटाची लेस, एवढंच ठाऊक. पहिल्या पगारातून मी शारजाच्या एका दुकानातून शिकारीची सुरी आणली. न मिटणारं जाड पातं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, चामड्याचं म्यान आणि मुठीवरून येणाऱ्या पट्ट्याला चकचकीत पितळी बटण. मामूंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"कितीला घेतली?"

"चारशे दिरहम. म्हणजे नऊ हजारांच्या वरच."

"माशाल्ला. आणि हरण कुठं आहे?"

मेसमध्ये हशा पिकला. मी ओशाळलो. मामूंनी मात्र हसू आवरून सुरी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चीज चांगली आहे बेटा. पण अजून तुझी झाली नाही."

ती माझी व्हावी म्हणून त्यांनी मला महिनाभर कामाला जुंपलं. आधी गॅलीत, म्हणजे बार्जच्या स्वयंपाकघरात कांदे, मग जुने दोर, मग लाकडाच्या पाचरी. डोळे मिटून सुरी काढायची, डोळे मिटून परत घालायची. "पात्याकडं काय बघतोस? हाताला विचार." दगडावर धार लावताना मी जोर केला की म्हणत, "तिच्यावर राग कशाला काढतोस? तिनं काय केलं तुझं?" संध्याकाळी खारं पाणी पुसून पात्याला तेलाचा हात लावल्याशिवाय ते मला जेवायला बसू देत नसत. मी मनात चडफडायचो, पण सगळं करायचो. फक्त एक गोष्ट केली नाही.

"हे बटण कापून टाक. दर्यावर सुरीला कुलूप नको."

"समुद्रात पडेल ना, मामू."

"दोरी बांध तिला. बटण काप."

"करतो. नेक्स्ट वीक, इन्शाल्ला."

"टाळायचं तर स्वतःच्या नावावर टाळ. अल्लाला कशाला मध्ये घेतोस?"

खरं सांगायचं तर मला ते बटण आवडत होतं. त्याच्यामुळे म्यान कसं रुबाबदार दिसे.

डिसेंबरातली दुपार होती. आम्ही बार्ज एका मोठ्या टँकरच्या कडेला लावत होतो. जाड दोर वर ओढून घ्यायची बारीक दोरी मामूंनी वर फेकली, टँकरवरच्या माणसांनी ती यंत्राला लावून ओढायला घेतली, आणि तिचा एक वेढा मामूंच्या उजव्या हाताला बसला. दोरी त्यांचा हात कठड्याच्या लोखंडी भोकाकडे नेऊ लागली. त्यांची सुरी उजव्या कमरेला होती. डावा हात तिथवर पोचेना. सगळ्यांत जवळ मी होतो. "काप!" ते ओरडले. माझा हात म्यानावर गेला आणि अंगठा बटणावर अडकला. खाऱ्या हवेनं ते आवळलं होतं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा उघडलं, आणि एका घावात दोरी तुटली. सुरीला अशी धार होती. पण तोवर मामूंची दोन बोटं गेली होती.

हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्या खाटेशी उभा राहून रडलो. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी डावा हात वर केला. "खलास. आठ ठेवलीस की माझी." मग छताकडे पाहत म्हणाले, "दोर कापताना हात चुकला नाही तुझा. मी बघितलं."

सारंगाचं काम आता होणार नव्हतं. ते गावी निघाले त्या सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. बॅगा दाराशी बांधून ठेवलेल्या. त्यांनी माझी सुरी मागितली. मी ती टेबलावर ठेवली. त्यांनी डाव्या हाताने सुरी काढली, म्यान गुडघ्याखाली दाबलं आणि बटणाचा पट्टा मुळापासून कापला. बटण गडगडत पलंगाखाली गेलं. ते उचलायला आम्ही दोघंही वाकलो नाही.

सुरी परत म्यानात घालून त्यांनी टेबलावर ठेवली. "उचल. आता तुझी."

मामूंचा अजून शुक्रवारी फोन येतो. तब्येत विचारतात, पात्याला तेल लावतोस का विचारतात. बटणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र सुरीकडे हात नेला की आजही अंगठा आधी त्या कापलेल्या कडेवर जातो. तिथे आता उघडायला काही नाही, तरी तो क्षणभर थांबतोच.