पाचव्या पंचाचा चहा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण लिहिल्याशिवाय माझा राग जायचा नाही.

आमचं गाव ओढ्याच्या अलीकडं, दुसरं पलीकडं. दोन्ही गावांचा बाँडवर लिहिलेला करार आहे. गावागावांत भांडण झालं तर पोलिसात जायचं नाही, पाच पंचांपुढं जायचं. दोन आमचे, दोन त्यांचे, पाचवे तिसऱ्याच गावचे, सिरसाळ्याचे पंक्चर काढणारे चाचा. चाचा दोन्ही गावांत पाणीसुद्धा पीत नाहीत, बाटली घरून आणतात. पाचव्या पंचानं ज्या गावचं तोंडाला लावलं, त्या गावचा तो झाला, असा रिवाज.

उन्हाळ्यात मी पलीकडच्या एकाकडून म्हैस घेतली. शिवणकामातून साठवलेले चाळीस हजार दिले. त्यानं रेडकू आधीच पाजून कास रिकामी ठेवली होती, आणि धार काढून दाखवा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. घरी आणली तर एक सड बंद, त्यातून दूधच येईना. परत द्यायला गेले तर तो हसला.

"पंचाकडं जा की."

त्याला माहीत होतं, कराराची मुदत संपली होती. नवा होईपर्यंत पंचच नव्हते.

नव्या करारासाठी बैठका सुरू झाल्या. पहिली बैठक कुठल्या पारावर बसायचं यातच गेली. दुसरी, बाँडवर आधी कोणत्या गावाचं नाव घालायचं यात. म्हशीचं नाव कोणी काढलं नाही. मी रोज तिला वैरण टाकत होते आणि हे शहाणे फेट्यांचा मान मोजत होते.

तिसरी बैठक ओढ्याच्या पुलावर झाली. आमच्या सरपंचांनी निरोप धाडला, सगळ्यांना चहा आण. मी नेला, वाटला. चाचांनी बोलता बोलता कप तोंडाला लावला.

पलीकडचे ताडकन उठले. "चाचा फुटले! चला रे!"

सरपंच माझ्यावरच ओरडले, "त्यांना काहून दिला गं?"

सगळ्यांना आण, हे त्यांचेच शब्द. माझ्या कानशिलात जाळ झाला. पदर तोंडावर होता, त्यातूनच मी बोलले, "मग पलीकडचाबी एक कप पाजा त्यांना. दोन्हीकडचं पिलं म्हंजी कुनाचंच न्हाई झालं."

चाचा मोठ्यानं हसले. "बेटी बराबर बोलती. पर साखर कम टाका बाबा, मला शुगर हाय."

पलीकडून चहा आला. चाचांनी तो संपवला आणि सह्या झाल्या. त्या बुद्धीचं श्रेय सरपंचांनी घेतलं, ते अजून चावडीवर सांगतात.

पहिलं भांडण माझंच निघालं. पंचांनी सगळ्यांसमोर धार काढायला लावली, चौथ्या सडातून थेंब आला नाही. म्हैस विकणारा म्हणाला, "निम्मे पैसे घ्या, वहिनी. बाकी सुगीला."

"पूरे पैसे देनेका," चाचा म्हणाले. "अन् आठ दिवसांत."

आठव्या दिवशी तो म्हैस न्यायला आला. नोटांचं पुडकं त्यानं माझ्या नवऱ्यापुढं धरलं. मी मध्ये हात घातला.

"म्हैस मी घेतलती."

नवरा बाजूला सरकला. मी ओट्यावर बसून नोटा मोजल्या. चाळीसच्या चाळीस हजार होते.